प्रकरण सतरावं : पार्सलबाबूची खोली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पटल्यांच्या घरात एकमत झालं. असं एकमत याआधी शकुंतलाबाईंच्या नवऱ्याच्या, खुशालरावांच्या तेरवीला झालं होतं, आणि तेही फक्त बुंदीच्या बाबतीत. त्यामुळे शकुंतलाबाईंना आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरली. आपली दोन्ही पोरं एका बाजूनं बोलायला लागली की कुणाचं तरी वाटोळं व्हायचंच, हे त्या माउलीला आता पाठ झालं होतं.

या खेपेला पाळी होती वरच्या खोलीतल्या पार्सलबाबूची.

पार्सलबाबूचं खरं नाव उदाराम. गोंदियाच्या स्टेशनात पार्सलच्या खिडकीमागं बत्तीस वर्षं काढलेला माणूस. बायको वारली, एकुलती लेक सालेकशाला दिली, आणि रिटायर झाल्यावर त्यानं जवळच्या मुर्री गावातल्या या घराच्या माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. त्याला आता अकरा वर्षं झाली. भाडं वेळेवर, तोंडात शिवी नाही, जिन्यावर पाय वाजत नाही. एकच खोड. रस्त्यात दिसेल ते उचलून आणायचं. फुटकी बादली, मोडकी छत्री, एका पायाची चप्पल, काहीही. दार उघडायचा तेही अर्धंच, आडवं होऊन आत शिरण्यापुरतं. आत काय आहे ते अकरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन करायला मुर्रीत माणसांची कमी नाही. सुकराम दूधवाला तर छातीठोकपणे सांगायचा की आत रेल्वेचा अख्खा डबा आहे, सुटा करून आणलेला.

"माय, चाबी दे," भूपेंद्रनं पोळ्याचा उरलेला वडा चहात बुडवत म्हटलं. भूपेंद्र थोरला. गोंदियात त्याचं खतांचं दुकान होतं, आणि घरातही तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसाच बोलायचा. "आज नारबोद हाय. सडकं-मोडकं घराबाहेर काढाचाच दिवस. कोनी नाव नाई ठेवनार."

"ते आपल्या घरातलं काढाचं असते बाबू. लोकाच्या नाई."

"त्याची खोली कोनाच्या घरात हाय?"

 खालच्या गल्लीत पोरं काटक्यांची नारबोद ओढत ओरडत चालली होती, "खासी-खोकला, राई-रोग घेऊन जा गे नारबोद!" घरोघरच्या बायका फुटकी सुपं, झिजलेले खराटे, दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन मागं निघाल्या होत्या. गावाच्या शिवेवर ढीग होतो, पेटवतात, आणि वर्षाची इडापिडा त्यात जाते. निदान जाते असं मानून माणसं घरी येऊन आंघोळ करतात.

"उंदीर झाले आई," रुचिका म्हणाली. घरातली एकुलती एक सून. तिचा आवाज कायम अर्धा स्वयंपाकघरात असायचा. "तांदराच्या पोत्याले भोकं पाडून राहिले. आन वरून वजन किती! स्लॅबले चीर गेली. उद्या अंगावर पडलं तं?"

चीर खुशालराव असतानाच गेली होती. पण गोंदियातल्या एका कोचिंग क्लासच्या सरांनी गेल्या आठवड्यात माडी पाहून "पूरा फ्लोर लगेगा" म्हटलं, तेव्हापासून ती सगळ्यांना दिसायला लागली होती.

धाकटा प्रफुल एरवी भूपेंद्रनं 'ऊन आहे' म्हटलं तर पाऊस म्हणून छत्री उघडणारा. पण सरांनी त्याच्याही कोपराला गूळ लावला होता, ऑफिसात बसवतो म्हणून. अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा प्रफुल गेले आठ दिवस इस्त्रीचा शर्ट घालून हिंडत होता.

"भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला म्या," तो म्हणाला. "दहा वाजता येते."

घरात एकच विरोधी पक्ष होता, आणि तो एकोणीस वर्षांचा. भूपेंद्रची खुशी, नागपूरला कायदा शिकणारी, पोळ्याला आलेली.

"पप्पा, किरायेदाराची प्रायव्हसी असते. मालक हाय म्हणून कधीबी घुसता येत नाही. आधी लेखी नोटीस द्या लागते."

"दिली ना! परवा दारावर चिकटवली."

"ते त्याच्या आदल्याच दिवशी सालेकशाला गेले, पोळ्यासाठी!"

"मंग? म्या तं दिली. वाचाचं काम त्याचं."

खुशीनं आजीकडे पाहिलं. शकुंतलाबाईंनी वड्यांच्या ताटाकडे पाहिलं.

चाबी त्यांच्याकडेच होती, देव्हाऱ्यात, अगरबत्तीच्या डब्यात. राहायला आला त्या दिवशी पार्सलबाबूनंच दिली होती. "बाई, मी आत मेलो तं दार नोका तोडू. चाबी घ्या आन उघडा. पन मी मेलो तरच." आणि शकुंतलाबाईंनी, खुशालरावांच्या देखत, देवाकडे हात करून म्हटलं होतं, "तुम्हाले इचारल्याबिगर आमच्या घरचं कोनी त्या खोलीत पाय नाई टाकनार." बाईमाणसाचा शब्द. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळावा लागत होता.

"तो मेल्यावर उघडाची चाबी हाय ते," त्या म्हणाल्या.

"मंग समज ना मेला," प्रफुल म्हणाला. "अर्ध्या तासासाठी."

"आन मंग तो जाईल कुठं रे? लेकीच्या घरी एकच खोली. जावई असा."

"आपुन अनाथाश्रम काढला काय?" भूपेंद्र म्हणाला.

आता खरं ते सांगायला हवं. पोरांच्या दबावाखाली आईनं चाबी दिली, असं पुढं या घरात सांगितलं गेलं, आणि शकुंतलाबाईंनीही ते खोडून काढलं नाही. पण अगरबत्तीचा डबा उघडताना त्यांच्या मनात उंदीर नव्हता की स्लॅब नव्हता. अकरा वर्षं रोज दिवा लावताना ती चाबी त्यांना खुणावत होती. आहे तरी काय बाप्पा आत? एवढंच. माणूस साठीपर्यंत मोह आवरतो आणि सत्तरीत पायरीवरून घसरतो.

खोलीच्या कुलपावर कागदाची पट्टी होती, दोन्ही टोकांना लाख लावून बंद केलेली, वर बारीक अक्षरात तारीख. भूपेंद्रनं आपली नोटीस वाचल्यासारखी केली, पट्टी टराटरा फाडली आणि दार ढकललं. रुचिकानं आधीच नाकाला पदर लावला होता.

तो तिला काढावा लागला. आत घाण नव्हती. डांबरगोळ्यांचा वास होता. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांच्या मधून एक माणूस चालेल एवढी वाट, शेवटी एक खाट आणि स्टोव्ह. फळ्यांवर सामानच सामान, पण प्रत्येक नगाला सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. उंदीर एकही नव्हता. आपलंही नाव-गाव लिहून ठेवतील अशी धास्ती त्यांनी घेतली असावी.

"टेम्पो आला काय पाय," भूपेंद्र म्हणाला आणि हाताला लागली ती तिपाई उचलली. तीन पायांपैकी एक नव्हता. चिठ्ठी त्यानं सहज वाचली, आणि मग पुन्हा मोठ्यानं वाचली. "तिपाई. पाय एक कमी. पटले, खालचं घर. नारबोद २०१५. मागितल्यास परत द्यावी."

"मायबाई!" रुचिका मागं सरली. "ते तं आपली होये! आपुनच टाकली होती शिवेवर!"

मग सगळ्यांनीच चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. खराटा, पटले, नारबोद २०१६. सूप, पटले. कुकरचं झाकण, पटले. रस्त्यावरचं लोकांचं सामान दाराजवळच्या दोन फळ्यांवर होतं. बाकी सगळी भिंत पटल्यांची होती. दरवर्षी पहाटे इडापिडा म्हणून यांनी जे शिवेवर टाकलं, ते ढीग पेटायच्या आत पार्सलबाबू उचलून आणत होता आणि यांच्याच डोक्यावर नीट लावून ठेवत होता.

"म्हनून घरात बरकत नाई!" रुचिकाचा स्वर चढला. "अकरा वर्सापासून आपली पिडा वरतं राहून राहिली! आन आपुन त्याच्यापासून किराया घेऊन राहिलो!"

"मम्मी, हे काय गं?" खुशीनं विचारलं.

फळीवर हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. शकुंतलाबाईंनी ते लांबूनच ओळखलं. त्यांच्या आईचं. त्यांनी रुचिकाच्या अंगावर लग्नात घातलं होतं, आणि प्रत्येक सणाला "ते लुगडं नेस ना वं" म्हटलं की रुचिका "पेटीत जपून ठेवलं आई, कसर लागू नये म्हनून," असं सांगायची. खुशीनं चिठ्ठी वाचली. "लुगडं, हिरवं, जवळजवळ नवं. सूनबाई पटले. नारबोद २०१४. इकडंतिकडं पाहून टाकलं."

रुचिकानं पदर पुन्हा नाकाला लावला. या वेळी वासासाठी नाही.

"त्याले भोक पडलं होतं आई..."

"कुठं?"

सुनेनं भोक दाखवलं नाही. भूपेंद्र मात्र बायकोच्या मदतीला न जाता पलीकडच्या फळीवर वाकला होता. एका पुठ्ठ्यावर स्टॅम्प पेपरचे तुकडे बारीक हातानं जोडून चिकटवले होते. तुकडे सतरा. धाकटे भाऊ पटले. नारबोद २०२२.

"प्रफुल! रस्त्यावरचा प्लॉट इकाले निंगाला होता तू? कोनाले न सांगता?"

"फाडला ना पन!" प्रफुल म्हणाला. "मन बदललं म्हनून फाडला. फाडलेल्याचं काय घेऊन बसला?"

"सही हाय तुही! बाबूजीच्या तेरवीले म्हने, दादा, जमीन एकठ्ठी ठेवू! आन इथं सही!"

"तू मले शिकवू नोको," असं म्हणत प्रफुलनं रागानं समोरची एक फाईल ओढली, केवळ हातात काहीतरी असावं म्हणून. फाईल उघडली. त्यात मुलींचे फोटो होते. शिक्षण, उंची, मामाचं गाव. त्यानं चिठ्ठी वाचली, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "लग्नाचे बायोडाटे. नग नऊ. मोठे भाऊ पटले. नारबोद २०१९."

 गल्लीतली पोरं लांब गेली होती.

"दादा," प्रफुल म्हणाला, "नऊ?"

"ते... तुह्या लायक नोहत्या त्या."

"एक तं अर्जुनी-मोरगावची मास्तरीन होती रे! आन मले सांगे, स्थळंच येऊन नाई राहिले!"

प्रफुलनं तो फोटो खिडकीकडे धरला आणि उजेडात बराच वेळ पाहिला. शकुंतलाबाईंना वाटलं, पोरगा आता भावाच्या थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला.

त्या तिथून वळल्या. खाटेच्या उशाशी, सगळ्यांपासून वेगळी, एक छोटी फळी होती. तिच्यावर एकच वस्तू. शकुंतलाबाई चौथी शिकलेल्या, अक्षरं लावून लावून वाचायच्या.

चुन्याची डबी, पितळी. बाई पटले. नारबोद २०१७. रडत टाकली. मागतील.

त्यांनी भिंतीला हात टेकला.

खुशालरावांचं तोंड तंबाखूनं गेलं, आणि मग खुशालराव गेले. त्याच वर्षी दोन महिन्यांनी नारबोद आली. त्या पहाटे शकुंतलाबाईंनी ती डबी उंबरठ्यावर आपटली होती, तिच्यावर शिव्यांचा पाऊस पाडला होता, आणि शिवेवर नेऊन भिरकावली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या परत गेल्या. राख उकरली, हात भाजले, डबी सापडली नाही. पोरांना सांगितलं की दवाखान्यात हरवली. आठ वर्षं त्या एका डबीसाठी त्या मनातून झुरत होत्या, आणि ती त्यांच्याच डोक्यावर, फक्त एका स्लॅबच्या अंतरावर होती.

हात पुढं गेला. पण त्यांनी तो मागं घेतला. खोली त्याची होती.

"बंद करा," भूपेंद्र म्हणाला. तोही आता घामाघूम झाला होता. "सगळं होतं तसं ठेवा. प्रफुल, टेम्पोवाल्याले वापस पाठव. हे भंगारात गेलं तं साऱ्या गोंदियात होईल."

"त्यालेबी काढाचं नाई," रुचिका घाईघाईनं म्हणाली. "तो बाहेर गेला तं सामान बाहेर जाईल. राहू द्या बिचाऱ्याले. म्हातारा मानूस. त्याचीबी काही... काय म्हनते ते खुशी?"

"प्रायव्हसी."

"हो, ते."

अशा तऱ्हेनं पटल्यांच्या घरात त्याच सकाळी दुसऱ्यांदा एकमत झालं. भूपेंद्रनं कुलूप लावून चाबी आईला दिली, दारावरची नोटीस ओरबाडून काढली आणि तिचे चार तुकडे केले.

"कुठं टाकाल पप्पा?" खुशीनं विचारलं.

भूपेंद्रनं तुकड्यांकडे पाहिलं, खाली गल्लीत पाहिलं, आणि तुकडे खिशात घातले.

फाटलेली पट्टी रुचिकानं डिंकानं चिकटवली. चांगली चिकटवली होती. पण अकराच्या गाडीनं पार्सलबाबू आला, हातात लेकीनं दिलेली वड्यांची पिशवी, आणि कुलपासमोर अर्धा मिनिट उभा राहिला. मग खाली येऊन अंगणात शकुंतलाबाईंसमोर थांबला. उंच, वाकलेला माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"बाई, मी लाख लावतो," तो म्हणाला. "हे गोंद हाय."

भूपेंद्र पुढं झाला. "काकाजी, ते काय झालं, उंदीर..."

"म्या दिली चाबी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "यायले नोका बोलू. म्या दिली."

"कोनत्या कामासाठी दिली होती तुम्हाले?"

"तुम्ही मेल्यावर उघडाले."

पार्सलबाबूनं मान हलवली. रागावला असता तर सोपं गेलं असतं. "बत्तीस वर्स खिडकीवर होतो. लोकायच्या पेट्या, गाठोडे, सारं हातातून गेलं. एक पेटी उघडून नाई पायली. आत काय हाय ते आपल्याले कायले पायजे? वर चिठ्ठी असते तेवढी वाचाची." त्यानं माडीकडे पाहिलं. "सांजपर्यंत खोली रिकामी करतो."

"अरे नाई नाई!" भूपेंद्र, प्रफुल आणि रुचिका एका दमात बोलले. राहा म्हणून इतक्या कळवळ्यानं या घरात आजवर जावयालाही कोणी म्हटलं नव्हतं. भूपेंद्र तर म्हणाला, भाडंही राहू द्या. पार्सलबाबू ऐकून घेत होता, पण ज्या माणसाचं ऐकायचं त्याच्याकडेच बघत होता.

शकुंतलाबाईंना तोंड वर करवेना. पोरांना हा म्हातारा का हवा होता ते कळत होतं. आपल्याला का हवा आहे ते कसं सांगावं? दिलेला शब्द आपणच मोडला, आता राहा म्हणायचा हक्कही उरला नाही. तो जिना चढला. वरून फळ्या सरकवल्याचा आवाज यायला लागला.

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या आणि उंबरठ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. दार या वेळी पूर्ण उघडं होतं.

"बाबू, येऊ काय?"

"खिडकीच्या बाहेरूनच सांगा," तो आतून म्हणाला. खिडकी नव्हतीच, दार होतं. पण बत्तीस वर्षांची सवय.

"माही एक डबी होती."

आतला आवाज थांबला. तो खाटेखालचं रजिस्टर घेऊन आला, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसला, चष्मा लावला. "निशानी सांगा."

"पितरेची. चुन्याची."

"तशा लई असतात."

"झाकनावर मोर हाय. मोराची मान घासलेली. ते अंगठा त्याच्यावरच ठेवत." त्यांचा आवाज फुटला. "आन खालून चेपली हाय. म्या आपटली होती उंबरठ्यावर. तिच्यावर राग होता माहा. नाई, तिच्यावर नाई. त्यायच्यावर होता. मले सोडून गेले म्हनून."

तो पान उलटत गेला, बोट एका ओळीवर ठेवलं, आत जाऊन डबी आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. शकुंतलाबाईंनी झाकण उघडलं. आत चुन्याचा वाळलेला खडा होता, त्यावर खुशालरावांच्या बोटाची रेघ जशीच्या तशी. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. पार्सलबाबू रजिस्टरात बघत बसला होता.

"फेकलेलं सामान लोकं बेवारस म्हनतात," थोड्या वेळानं तो म्हणाला. "बेवारस काही नसते बाई. मालक यायचा असते. इथं सही करा."

त्यांनी चौथीतल्या अक्षरात सही केली. त्यानं पुढं लिहिलं, 'मालक आले', तारीख घातली, रजिस्टर मिटलं आणि पुन्हा फळीकडे वळला, सामान उतरवायला.

"बाबू," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, झाकण लावलं, मोरावरून एकदा अंगठा फिरवला आणि डबी उंबरठ्यावर, त्याच्या बाजूला ठेवली. "हे तुमच्याजवरच राहू द्या. माह्या घरी कोनीबी काहीबी उघडून पायते."

त्यानं डबीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आता ठेव म्हनून ठेवून राहिले काय?"

"हो. आन ते चाबीबी घ्या." त्यांनी कनवटीची चाबी काढून डबीशेजारी ठेवली. "तुम्ही मेले तं आम्ही दार तोडू."

पार्सलबाबूनं वाकून डबी आणि चाबी उचलली. मग त्यानं रजिस्टर पुन्हा उघडलं, नवी ओळ आखली आणि खिशातलं पेन काढलं.

"मंग खोली सोडता नाई येत," तो कुरकुरत म्हणाला. "निशानी पुन्हा सांगा."